पिकअपमधला माणूस कायद्याला कोण दिसतो?

१८ ऑक्टोबर २०२५, धनत्रयोदशीचा दिवस. अस्तंब्याच्या यात्रेहून परतणाऱ्या भाविकांनी भरलेली पिकअप नंदुरबार जिल्ह्यातल्या चांदसैली घाटात उलटली. अनेकांचा जीव गेला, दोन डझनांहून अधिक माणसे जखमी झाली. सातपुड्याला अशी बातमी नवी नाही. २०२१ साली आधी जानेवारीत आणि मग जुलैत तोरणमाळ परिसरातल्या घाटरस्त्यांवर माणसांनी भरलेल्या गाड्या दरीत गेल्या होत्या. मृतांचे आकडे छापून येतात, मदत जाहीर होते आणि दोन-तीन दिवसांत विषय मिटतो. ज्याचा पाय कापावा लागला किंवा ज्याच्या मणक्याला मार बसला, त्याचे प्रश्न मात्र तेव्हा कुठे सुरू होतात. तक्रार कुठे द्यायची? दवाखान्याचे बिल कोण भरणार? क्लेम मिळतो म्हणतात, तो कोणाकडून, किती आणि कधी?

देशातला कायदा सगळीकडे एकच असला तरी नंदुरबारमध्ये या प्रश्नांचे रूप थोडे वेगळे आहे. १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळा झालेला हा सहा तालुक्यांचा जिल्हा गुजरात आणि मध्य प्रदेशाला खेटून आहे. २०११च्या जनगणनेनुसार इथली सुमारे ६९ टक्के वस्ती आदिवासी आहे. दिवाळी झाली की हजारो कुटुंबे ऊसतोडीला आणि बांधकामाला गुजरातकडे निघतात, ती होळीच्या सुमारास परततात. धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांवर एसटी क्वचितच पोचते, त्यामुळे बाजार, लग्न, यात्रा आणि दवाखाना या सगळ्यांसाठी हाताशी असते ती पिकअप किंवा जीप. म्हणूनच जखमेइतकेच महत्त्व इथे आणखी तीन गोष्टींना येते: माणूस कोणत्या गाडीत बसला होता, कोणत्या राज्यात होता आणि पहिल्या काही दिवसांत त्याच्या नावाने कोणता कागद तयार झाला.

गाडीपासूनच सुरुवात करू. पिकअप हे मालवाहू वाहन आहे. समजा, एकाच पिकअपमध्ये तिघे बसले आहेत. एक शेतकरी नंदुरबारच्या बाजार समितीत मिरची घेऊन निघाला आहे, दुसरा पोती चढवणारा-उतरवणारा हमाल आहे आणि तिसरा रस्त्यात हात दाखवून चढलेला गावकरी आहे. गाडी उलटली आणि तिघांच्याही मांडीचे हाड मोडले. जखम सारखी असली तरी कायद्याच्या नजरेत ही तीन वेगळी माणसे आहेत. मोटार वाहन कायद्याच्या कलम १४७ मध्ये मालासोबत जाणाऱ्या मालाच्या मालकाला विम्याचे संरक्षण आहे. हमाल गाडीमालकाचा कामगार ठरतो, आणि विम्यात कामगारांची जोखीम धरलेली असेल तर त्याच्यासाठीही कंपनी बांधील असते. तिसरा मात्र मालवाहू वाहनातला फुकट प्रवासी. २०१९च्या दुरुस्तीने अशा प्रवाशाला विम्यातून स्पष्ट शब्दांत वगळले आहे. त्याने भाडे दिले होते असे म्हटले तरी फारसे हाती लागत नाही, कारण माल वाहण्याच्या परवान्यावर माणसे भरणे हाच परवान्याचा भंग.

विमा कंपनीचा वकील पहिल्याच तारखेला हा मुद्दा काढतो आणि बरेच जखमी तिथेच खचतात. खरे तर तिसऱ्या माणसाचा गाडीमालकावरचा हक्क शाबूतच असतो. अडचण इतकीच की कर्ज काढून पिकअप घेतलेल्या मालकाकडे वीस लाख रुपये कुठून येणार? यावर सर्वोच्च न्यायालयाने अनेक निकालांत एक मधली वाट काढली आहे. कंपनीने आधी जखमीला पैसे द्यावेत आणि मग ते मालकाकडून वसूल करावेत. २०१७ आणि २०१९ मध्ये मालवाहू गाडीतल्या प्रवाशांच्या बाबतीत असे आदेश झाले. पण असा आदेश आपोआप होत नाही, तो मागावा लागतो. अर्जात आणि युक्तिवादात ही मागणीच नसेल तर निकाल फक्त मालकाविरुद्ध लागतो आणि कागदावरच राहतो. चालकाच्या परवान्याचा वाद मात्र बराचसा मिटला आहे. हलक्या वाहनाचा परवाना असलेला चालक साडेसात टनांपर्यंतचे व्यावसायिक वाहन चालवू शकतो, असे घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये सांगितले आणि पिकअप या मर्यादेच्या बरीच आत येते.

आता पोलीस ठाणे. दरीतून काढलेल्या माणसाला आधी ग्रामीण रुग्णालयात नेतात, तिथून नंदुरबारच्या जिल्हा रुग्णालयात आणि तिथून धुळे किंवा सुरतला. अपघात एका ठाण्याच्या हद्दीत, जखमी दुसऱ्या राज्यात आणि नातेवाईक तिसऱ्या गावात. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे हद्द कोणाचीही असो, कोणत्याही ठाण्याने तक्रार नोंदवून घ्यायची आहे. हीच झीरो एफआयआर. दवाखान्यात ‘हे रस्ता अपघाताचे प्रकरण आहे’ असे सांगून वैद्यकीय-कायदेशीर नोंद, म्हणजे बोलीतली एमएलसी, करून घेणेही तितकेच महत्त्वाचे. घाईत कोणी ‘घरात पडला’ असे सांगितले, तर पुढे वर्षभर त्या दोन शब्दांचा खुलासा करत बसावे लागते. पोलिसांची भीती वाटून मदतीला न थांबणाऱ्यांनीही एक जाणून घ्यावे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४-अ नुसार जखमीला दवाखान्यात पोचवणाऱ्यावर जबाबदारी येत नाही आणि त्याला साक्षीदार व्हायला भाग पाडता येत नाही.

१ एप्रिल २०२२ पासूनच्या मोटार वाहन नियमांनी पोलिसांवर बरेच काम टाकले आहे. तपास अधिकाऱ्याने ४८ तासांत प्राथमिक अहवाल द्यायचा, दहा दिवसांत जखमीला त्याचे हक्क सांगणारा नमुना क्रमांक २ द्यायचा, ५० दिवसांत अंतरिम आणि ९० दिवसांत सविस्तर अहवाल मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे पाठवायचा. हा अहवालच भरपाईचा अर्ज मानता येतो. हे नियम कागदावर जखमीच्या इतके बाजूचे आहेत की वाचणाऱ्याला नवल वाटावे. तरीही दहाव्या दिवशी नमुना २ हातात पडेल म्हणून थांबून राहणे शहाणपणाचे नाही. एफआयआर, घटनास्थळाचा पंचनामा, जखमेचे प्रमाणपत्र, गाडीचे नोंदणीपुस्तक, विमा आणि चालकाचा परवाना यांच्या प्रती नातेवाइकांनी स्वतःच मागून ठेवाव्यात.

खर्चाचा प्रश्न पहिल्याच रात्री उभा राहतो. रुग्णाचा जीव वाचवणे आधी, पोलिसांची कागदपत्रे नंतर, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने १९८९ सालीच घालून दिले आहे आणि ते खासगी दवाखान्यांनाही लागू आहे. मे २०२५ मध्ये केंद्राने रस्ते अपघातातल्या जखमींसाठी रोखरहित उपचारांची योजना लागू केली. तिच्यात नेमून दिलेल्या रुग्णालयांत अपघातापासून सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांची मर्यादा आहे. राज्याची महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना निराळी. तरीही औषधाच्या दुकानातली चिठ्ठी, सुरतच्या फेऱ्यांचे भाडे आणि सोबत राहिलेल्या भावाची बुडालेली मजुरी यांचे कागद जपून ठेवावेत, कारण हे खर्च भरपाईत मागता येतात.

दावा कुठे दाखल करायचा, या प्रश्नाला इथल्याच एका अपघातातून चांगले उत्तर मिळते. २१ ऑक्टोबर २०२० च्या पहाटे मलकापूरहून सुरतकडे निघालेली खासगी बस नवापूर तालुक्यात खामचौंदर गावाजवळ पुलावरून खाली कोसळली. पाच जण दगावले, तीसहून अधिक जखमी झाले. प्रवासी कोणी खान्देश-विदर्भातले, कोणी सुरतला पोटापाण्यासाठी राहणारे. अशा प्रत्येकाला नंदुरबारलाच खेटे घालावे लागतात असे नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६ नुसार अपघात झाला तिथे, दावेदार राहतो किंवा व्यवसाय करतो तिथे किंवा प्रतिवादी राहतो तिथे, यांपैकी कोठेही अर्ज करता येतो. गुजरातमधल्या बार्डोलीजवळ अपघात झालेल्या मोलगीच्या मजुरालाही त्यामुळे नंदुरबारच्या न्यायाधिकरणात दावा लावता येतो. गुजरातीतली कागदपत्रे भाषांतर करून जोडावी लागतात, एवढाच जादा व्याप.

मुदतीबाबत मात्र सावध राहावे. २०१९च्या दुरुस्तीने अपघातापासून सहा महिन्यांची मुदत घातली आणि ती १ एप्रिल २०२२ पासून लागू झाली. त्याआधी मुदतच नव्हती, म्हणून जुन्या माणसांच्या सल्ल्यावर विसंबलेले अनेक जण अडकतात. या तरतुदीला आव्हान दिले गेले आहे आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, केवळ मुदत टळली म्हणून अर्ज फेटाळू नयेत, असा अंतरिम आदेश दिला. अंतरिम आदेश कधीही बदलू शकतो. ऊसतोडीच्या हंगामाआधी दिवाळीत जखमी झालेल्या माणसाची मुदत हंगाम संपता संपता भरते, हे लक्षात घेतले तर घाई का करायची ते कळते.

मग किती मिळेल? चावडीवर सर्वाधिक चर्चा याचीच होते आणि सर्वाधिक अफवाही याच्याच. गुन्ह्याचा खटला आणि भरपाईचा दावा हे दोन वेगळे मार्ग आहेत. चालक फौजदारी खटल्यातून सुटला तरी दावा बुडत नाही, कारण दाव्यात संशयापलीकडचा पुरावा लागत नाही. चूक चालकाची असण्याची शक्यता अधिक आहे इतके दिसले तरी पुरते. भरपाईत उपचारांचा खर्च, बुडालेली मजुरी, पुढची कमाई, वेदना आणि सोबतीच्या माणसाचा खर्च असे अनेक भाग असतात. त्यांत सगळ्यात मोठा भाग भविष्यातल्या कमाईचा, आणि तिथेच आदिवासी मजूर सर्वांत जास्त नागवला जातो.

एक काल्पनिक हिशेब मांडून पाहू. तीस वर्षांचा कोयता चालवणारा मजूर आहे, त्याचा एक पाय गुडघ्याखाली गेला. त्याच्याकडे मजुरीचा एकही कागद नाही म्हणून महिना ६,००० रुपये उत्पन्न धरले आणि दाखल्यावर शरीराचे अपंगत्व २५ टक्के लिहिले. वर्षाचे ७२,००० रुपये झाले. ‘सरला वर्मा’ प्रकरणातल्या २००९ च्या कोष्टकाप्रमाणे या वयाचा गुणांक १७ येतो. त्याने गुणून २५ टक्के काढले की ३,०६,००० रुपये होतात. आता तोच माणूस, पण मांडणी नीट. मुकादमाची वही, सोबत काम करणाऱ्यांचे जबाब आणि जोडप्याच्या तोडणीचा हिशेब यांवरून उत्पन्न १२,००० रुपये सिद्ध झाले. ‘प्रणय सेठी’ प्रकरणातल्या २०१७ च्या निकालाप्रमाणे चाळिशीच्या आतल्या, कायम नोकरी नसलेल्या माणसाच्या उत्पन्नात भविष्यातल्या वाढीपोटी ४० टक्के मिळवता येतात, आणि दुखापतीच्या दाव्यांतही तसे करावे असे २०२० मध्ये स्पष्ट झाले. वर्षाचे उत्पन्न २,०१,६०० रुपये झाले. १७ ने गुणून, कमाईची क्षमता ६० टक्के गेली असे धरले की रक्कम येते २०,५६,३२० रुपये. उपचार आणि वेदनेचे पैसे याच्यावर वेगळे.

तीन लाख आणि वीस लाख. पाय तोच, माणूसही तोच.

इतका फरक पडतो तो अपंगत्वाच्या दोन अर्थांमुळे. जिल्हा रुग्णालयाच्या मंडळाचा दाखला शरीराचे अपंगत्व सांगतो. भरपाई मात्र कमाईच्या क्षमतेवर ठरते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१० च्या सुमारास दिलेल्या एका बहुचर्चित निकालात समजावून सांगितले. गेलेला पाय कारकुनाला अवघड जाईल, पण त्याची नोकरी कदाचित टिकेल. सातपुड्याच्या उतारावर शेती करणाऱ्याला किंवा उसाच्या फडात वाकून कोयता चालवणाऱ्याला तो पाय नसणे म्हणजे कामच संपणे. म्हणून न्यायाधिकरणापुढे दाखला देणाऱ्या डॉक्टरची साक्ष लागते आणि जखमी माणूस आधी नेमके काय काम करायचा, ते तपशिलाने सांगावे लागते. ‘शेतमजूर’ एवढाच एक शब्द लिहिलेल्या अर्जात हे दिसत नाही. उत्पन्नाचा कागद नसणे हाही शेवट नव्हे. बेंगळुरूच्या एका मजुराने कागदाशिवाय सांगितलेली महिना ४,५०० रुपयांची कमाई सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये ग्राह्य धरली होती. कागद नसेल तेव्हा किमान वेतन हाच अखेरचा मापदंड नव्हे, हेही २०२१ च्या एका निकालात आले आहे. त्याच वर्षी घरकाम करणाऱ्या स्त्रीच्या श्रमाचे उत्पन्न मोजलेच पाहिजे, असेही न्यायालयाने सांगितले. घरकाम, पाणी, सरपण, शेळ्या आणि वर शेतमजुरी असा दिवस काढणाऱ्या बाईच्या अर्जात व्यवसाय ‘काही नाही’ असा लिहिलेला दिसतो, तेव्हा चूक कायद्याची नसते, अर्ज लिहिणाऱ्याची असते.

दुचाकीवर तिघे बसणे या भागात रोजचे. विमा कंपनी लगेच म्हणते, जखमीचीही चूक आहे, रक्कम कापा. त्यावर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय आला. तिघे बसणे हा नियमभंग खरा, पण त्यामुळेच अपघात झाला किंवा इजा वाढली, असे सिद्ध झाले नाही तर भरपाई कापता येत नाही.

आणखी एक सापळा म्हणजे ‘मिटवून टाकू’. गाडीमालक गावातला किंवा नात्यातला असतो, पंच बसतात, दवाखान्यासाठी वीस-तीस हजार हातावर ठेवले जातात आणि पोलिसांत तक्रार नाही असे लिहून घेतले जाते. गावात राहायचे असल्याने ते समजण्यासारखे आहे. पण विमा लागू असेल तिथे दावा विमा कंपनीकडून वसूल होणार असतो, शेजाऱ्याच्या खिशातून नव्हे, हे पंचांना कोणी सांगत नाही. कायदेशीर वाटांमध्येही असाच एक तिठा आहे. कलम १६४ प्रमाणे चूक कोणाची हे सिद्ध न करता गंभीर दुखापतीला अडीच लाख रुपये आणि मृत्यूला पाच लाख रुपये मिळतात. विमा कंपनीशी तडजोड करून ही रक्कम स्वीकारली की कलम १६६ चा मोठा दावा संपतो. लोकअदालतीतल्या तडजोडीवरही अपील नसते. किरकोळ दुखापतीत तडजोडीची वाट सोयीची. अजून दोन शस्त्रक्रिया व्हायच्या असताना तिथे अंगठा उठवणे महागात पडते. सरकारने जाहीर केलेली सानुग्रह मदत मात्र वेगळी असते, ती घेतल्याने दाव्याचा हक्क जात नाही.

उसाच्या फडात, साखर कारखान्यात किंवा सुरतच्या एखाद्या मचाणावर इजा झाली असेल तर वाट निराळी. आधी तिथे १९२३ चा कर्मचारी भरपाई कायदा होता. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्याची जागा सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली आहे. सूत्र तेच: पूर्ण व कायमचे अपंगत्व आले तर वेतनाचे ६० टक्के गुणिले वयाचा घटक. तिसाव्या वर्षी हा घटक २०७.९८ आहे, म्हणजे १२,००० रुपये वेतनावर १४,९७,४५६ रुपये होतात. इथे मालकाची चूक सिद्ध करावी लागत नाही. कारखाना म्हणतो ‘मजूर मुकादमाचा’ आणि मुकादम बोट दाखवतो कारखान्याकडे. मूळ काम ज्याचे, त्याच्यावरही जबाबदारी येते हे तत्त्व इथे कामाला येते. उसाचा ट्रॅक्टर उलटून मजूर दबला, तर मोटार अपघाताचा आणि कामगार भरपाईचा, दोन्ही दरवाजे उघडे असतात. पण दोहोंपैकी एकाच दरवाजाने आत जाता येते.

बाकीच्या वाटा थोडक्यात. ठोकर मारून पळालेले वाहन सापडले नाही तर गंभीर जखमीला ५०,००० रुपये आणि मृत्यूनंतर वारसांना २ लाख रुपये मिळतात. त्यासाठीचा अर्ज न्यायालयात नव्हे, प्रांत किंवा तहसीलदारांकडे. सुरत-भुसावळ मार्गावर धावत्या गाडीतून पडलेल्या प्रवाशाचा दावा रेल्वे दावा न्यायाधिकरणात वर्षाच्या आत लावायचा. तिकीट हरवले एवढ्यावरून तो फेटाळता येत नाही, असे २०१८ मध्ये ठरले आहे. रूळ ओलांडताना झालेली इजा त्यात बसत नाही. तळोदा-अक्कलकुव्याच्या शेतांत बिबट्याने हल्ला केला तर वनविभागाकडे तातडीने कळवावे, कायमच्या अपंगत्वाला साडेसात लाखांपर्यंत मदत आहे. शेतकरी कुटुंबांसाठीची गोपीनाथ मुंडे अपघात सुरक्षा सानुग्रह योजना तालुका कृषी अधिकाऱ्यांकडून मिळते. तिथली मुदत जेमतेम तीस दिवसांची, आणि त्यातले बरेच दिवस दवाखान्यातच जातात.

वकिलाचे पैसे कोठून आणायचे? या जिल्ह्यात या प्रश्नाचे उत्तर इतर जिल्ह्यांपेक्षा सोपे असायला हवे. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ प्रमाणे अनुसूचित जमातीच्या व्यक्तीला, तसेच कोणत्याही स्त्रीला आणि दिव्यांग व्यक्तीला उत्पन्न कितीही असले तरी मोफत वकील मिळतो. म्हणजे नंदुरबारमधल्या दर दहा माणसांतल्या निदान सात जणांना. त्यासाठी नंदुरबारच्या न्यायालयातल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे किंवा तालुका समितीकडे साधा अर्ज पुरतो, १५१०० हा दूरध्वनी क्रमांकही आहे. तरीही दवाखान्याच्या दारात उभ्या असलेल्या दलालाला निकालातला ठरलेला हिस्सा लिहून देणारी कुटुंबे आहेतच. दलाल तिथे हजर असतो आणि प्राधिकरणाचा फलक न्यायालयाच्या आवारात असतो, हेच त्याचे कारण.

निकाल लागल्यावर रक्कम हल्ली थेट बँक खात्यात जाते. आधारवर एक नाव, शाळेच्या दाखल्यावर दुसरे आणि एफआयआरमध्ये पोलिसाने ऐकून लिहिलेले तिसरे, असे असले तर पैसे अडकतात. म्हणून नावातला फरक दावा चालू असतानाच प्रतिज्ञापत्राने मिटवून घ्यावा. निरक्षर किंवा अज्ञान दावेदाराच्या रकमेचा मोठा भाग न्यायाधिकरण मुदत ठेवीत ठेवते आणि व्याज दरमहा खात्यात जमा होते. पायाची दुसरी शस्त्रक्रिया करायची असेल, जयपूर फूट बदलायचा असेल किंवा घराजवळ पिठाची गिरणी टाकायची असेल, तर डॉक्टरचा किंवा दुकानदाराचा खर्चाचा अंदाज जोडून ती ठेव मुदतीआधी मोडण्याचा अर्ज त्याच न्यायाधिकरणात करता येतो.